मुंबईच्या गच्चीत टोमॅटोच्या दहा जाती लावताना

गणपती गेले की मुंबईत टोमॅटोचं बी पडायला हवं. दिवाळीत नर्सरीतून आणलेलं रोप जगतं, पण मोठ्या फळांच्या जातींना तोवर उशीर झालेला असतो. टोमॅटोचं फूल नीट फळ धरतं ते रात्रीचं तापमान 15 ते 21 अंशांच्या आसपास असताना. रात्री 24 च्या वर राहू लागल्या आणि दुपार 35 च्या पुढे गेली, की परागकण निकामी होतात आणि फुलं पिवळी पडून गळतात. मुंबईला बऱ्या रात्री मिळतात त्या साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही बोरिवली-मुलुंडकडच्यांचं नशीब जरा बरं. कुलाब्याला समुद्र रात्र उबदार ठेवतो. कोणती जात, कधी आणि किती, हे सगळं या तीन महिन्यांवरून ठरवायचं. पाकिटावरचा फोटो बघून ठरवलं तर डोक्याएवढी हिरवीगार वेल मिळते आणि फळ एखाददुसरं.

म्हणून दहा जाती लावणार असाल, तर निम्म्याहून जास्त लहान फळांच्या घ्या. चेरी टोमॅटो, पिवळा नासपतीच्या आकाराचा यलो पेअर, असल्या जाती उकाड्यातही फळ धरतात आणि मार्चपर्यंत चालतात. मधल्या आकारात पुसा रूबी, अर्का विकास आणि सारासाठी गराची रोमा. ग्रीन झेब्रा हौसेने लावा, पण तो पिकल्यावरही हिरवाच असतो, फक्त पिवळसर झाक येते. हाताला मऊ लागला की काढायचा. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम यांसारख्या जाड फळांच्या परदेशी जातींचं एकेकच झाड लावा. ब्रँडीवाइनला लावणीपासून फळ पिकेपर्यंत तीन महिने लागू शकतात. माझ्या मते मुंबईकराने तिच्यापेक्षा चेरोकी पर्पलवर जागा खर्च करावी.

पेरणीही एकदम करू नका. जाड फळांच्या जातींचं बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मधल्यांचं महिनाअखेरपर्यंत, आणि चेरीचं दोन हप्त्यांत: एक त्यांच्यासोबत, दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी. सप्टेंबरात पाऊस असतोच, तेव्हा ट्रे छपराखाली पण उजेडात ठेवा. ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिंब राहिलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घातलेली बरी. प्रत्येक कप्प्याला लेबल आजच लावा, तेही पेन्सिलीने, कारण मार्करची शाई उन्हात उडते. रोपं सगळी सारखीच दिसतात, आणि डिसेंबरात कोणतं कोण हे ओळखता आलं नाही तर दहा जाती लावण्यात मजा काय?

जागा ठरवताना सगळ्यात मोठी फसगत होते ती सूर्याची. मे महिन्यात ऊन डोक्यावरून येतं, तेव्हा गच्चीचा कोपरान् कोपरा भाजून निघतो. डिसेंबरात मात्र मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून 48 अंशांपर्यंतच चढतो. शेजारच्या टॉवरची सावली भर दुपारी उत्तरेला जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. म्हणून दक्षिणेला वीसमजली इमारत उभी असेल, तर तुमची गच्ची हंगामभर सावलीत राहू शकते. उलट दक्षिणेकडच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ऐन हंगामात ऊन आतपर्यंत येतं. उत्तरेच्या बाल्कनीत टोमॅटो लावू नका, तिथे पुदिना लावा. रोज सहा तास ऊन मिळत नसेल तर चेरीशिवाय दुसरं काही धरू नका.

उंच वाढणाऱ्या वेलीला किमान 20 लिटरची कुंडी लागते. रंगाची रिकामी बादली, बुडाला भोकं पाडून, उत्तम. झुडपासारख्या ठेंगण्या जातींना 12 इंची कुंडी पुरते. निव्वळ लाल माती नको. ती ओली झाली की दगडासारखी जड होते आणि गच्चीच्या स्लॅबवर नको तितका भार येतो. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत घ्या. वरून आच्छादनाला रसवंतीवरची उसाची चिपाडं वाळवून आणि तुकडे करून घाला. मुंबईत ती गल्लोगल्ली मिळतात, पण ओली टाकलीत तर मुंग्या आल्याच म्हणून समजा. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल गाडा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

रोगांत दोन लक्षात ठेवा. एक बोकड्या, म्हणजे पानं वळून, आकसून झाड खुरटणं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पिवळे चिकट सापळे लावा, पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी फवारा. रोपवाटिकेवर 40 मेशची, म्हणजे इंचाला 40 छिद्रांची, जाळी लागते, मच्छरदाणीतून ही माशी आरामात आत जाते. बोकड्या झालेलं झाड बरं होत नाही. उपटा, पिशवीत बांधा, फेका.

दुसरा रोग जिवाणूजन्य मर. उष्ण, दमट कोकणपट्टीत तो पाचवीलाच पुजलेला. पानं हिरवी असतानाच झाड दुपारी मान टाकतं आणि दोन-चार दिवसांत संपतं. खात्री करायची तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लोंबता धरा, काही मिनिटांत दुधासारखे धागे उतरू लागतात. ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात मिसळू नका. ज्यांच्याकडे हा रोग वारंवार येतो त्यांनी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक लावावी. बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ती दाद देत नाही. ती संकरित असल्याने तिचं बी मात्र धरायचं नाही.

फुलं आली की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गुच्छामागे बोटाने टिचकी मारा. टोमॅटोचे पराग थरथरीने सुटतात. ते काम वारा करतो किंवा गुणगुणणारे काळे भुंगे करतात, आणि बंद बाल्कनीत दोन्ही नसतात. या काळात नत्र कमी करा, नाहीतर नुसता पालाच माजतो. 0:52:34 हे बिननत्राचं स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुरे. फळाचं बूड काळं पडलं तर लगेच औषध शोधू नका. बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता असते: दोन दिवस कोरडं, मग बादलीभर. पाणी रोज ठरलेल्या वेळी घाला. कॅल्शियम नायट्रेट द्यायचंच असेल तर वरच्या खतात मिसळू नका, साका बसतो.

पोपट आणि बुलबुल लाल फळ तुमच्या आधी हेरतात. बुडाला गुलाबी झाक येताच फळ काढून घरात ठेवा, चवीत फारसा फरक पडत नाही. फ्रिजमध्ये ठेवलंत तर मात्र पडतो.

जी जात आवडली आणि संकरित नाही, तिचं बी निरोगी झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळातून काढा. गर दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्या, मग धुऊन सावलीत वाळवा. मार्चअखेर झाडं उपटा, माती प्लास्टिकखाली उन्हात तापवा, आणि पावसाळ्यात त्या कुंड्यांत वांगी-मिरची टाळून भेंडी किंवा अळू लावा.