पूर ओसरला; आता मळीत आधी की काळ्या रानात?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीखाली उतरलं की सांगलीच्या आसपास एकच विचारणा सुरू होते: ट्रॅक्टर कधी घालायचा? वाफसा, म्हणजे मशागतीला हवी तेवढीच ओल, आल्याशिवाय नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दरवर्षी कुणीतरी चिखलात घालतोच आणि मग पुढचा हंगामभर ढेकळं फोडत बसतो.

वाफसा सगळ्या रानाला एकदम येत नाही, याला कारण नदीच. कृष्णा काठाबाहेर पडली की तिचा जोर मोडतो. वाळू आणि भरड गाळ काठालगतच टाकते, बारीक चिकण गाळ मागं लांबवर संथ पाण्यात बसतो. पिढ्यान् पिढ्या हे चालल्यानं काठाची गाळाची जमीन, म्हणजे मळी, जरा उंच आणि भुसभुशीत, तर तिच्या मागचं काळं रान सखल. नवख्याला वाटतं नदीला लागून असलेलं रान आधी बुडणार. बऱ्याचदा उलटंच होतं. नदीचं पाणी ओढ्यातून मागं फुगतं, काळं रान आधी बुडतं आणि मोकळंही शेवटी होतं. म्हणून काम मळीपासून धरा. कृष्णाकाठच्या वांग्याला हीच मळी मानवते. काळ्या रानाची घाई नको.

साचलेलं पाणी काढायला चर ओढ्याकडे न्या. काठ फोडून थेट नदीत सोडायचा मोह होतो, पण पुढच्या पुराचं पाणी त्याच खांडातून आत शिरतं आणि रान खरवडून नेतं.

नवा गाळ म्हणजे फुकटचं खत, असं सरसकट धरू नका. वळणाच्या आतल्या अंगाला नदी भर घालते, बाहेरच्या अंगाला काठ तोडते. तुमच्या रानात काय टाकलंय ते बघायला काचेच्या बरणीत मूठभर गाळ घ्या, पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला जाते, पोयट्याला (वाळूहून बारीक, चिकणमातीहून भरड गाळाला) काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. बोटभर पोयटा असेल तर मातीत मिसळा, लाभच आहे. वीतभर नुसती वाळू असेल तर मात्र आधी उपसा. चिकण गाळाची साय वाळून खापरासारखी तडकते. ती कोळप्यानं मोडा, नाहीतर खाली हवा जात नाही.

मग दीड फूट खड्डा घ्या. माती निळसर करडी दिसली, कुजट वास आला, तर युरिया टाकू नका. पाण्यानं कोंडलेल्या मातीत नत्र हवेत उडून जातं, पैसे वाया.

ऊस उभा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चार-सहा ठिकाणी शेंडा उभा चिरून बघा. पोंगा, म्हणजे शेंड्यातला वाढता कोंब, कुजला असेल तर तो ऊस आता वाढणार नाही, नुसत्या पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतील. असा ऊस तोडीला आधी लावायला बघा. रिकाम्या झालेल्या मळीत वाफशावर शाळू (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा घेता येतो.

खतं ठरवण्याआधी माती तपासून घ्या. नमुना १५-२० जागांवरून घ्यायचा, पण बांध आणि उकिरड्याजवळची माती नको. मळीची आणि काळ्या रानाची माती एकाच पिशवीत तर अजिबात घालू नका. अहवाल दोन्हींच्या मधलाच येतो आणि तो कुठल्याच रानाला लागू पडत नाही.