तोल आणि लक्ष: वयस्करांचे पडणे टाळण्यासाठी घरच्या घरी करावयाचा सराव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जून लागला की जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि घरातल्या वयस्कर माणसांना पाऊस उघडेपर्यंत अंगणात न उतरण्याची ताकीद मिळते. काळजीपोटी दिलेला हा सल्ला चार महिने काटेकोर पाळला गेला, तर दसऱ्यापर्यंत मांड्यांतले बळ ओसरलेले असते आणि ज्या उंबऱ्यावरून माणूस उभे आयुष्य ये-जा करत आला, तोच उंबरा त्याला अडखळवू लागतो. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांतील एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. यांतील बरेच जण निसरड्या पायरीवर नव्हे, तर ओळखीच्या घरातच पडतात. हातात दुधाचे पातेले असते, मागून कोणी ‘आजी, फोन आलाय’ अशी हाक मारते, मान वळते आणि पाऊल चुकते. म्हणून पायांत बळ आणणे आणि लक्ष विभागलेले असतानाही पाऊल नीट पडेल असा सराव मनाला देणे, ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

आधी मोजमाप घ्यावे

सरावाला लागण्यापूर्वी आपण कोठे आहोत हे पाहावे. हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी (प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, ती नको), हात छातीवर घडी घालून बसावे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगावे. 70 ते 74 वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी आणि स्त्रीला 10 पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांचे बळ कमी पडते आहे असे समजावे. 80 ते 84 वयासाठी हेच आकडे अनुक्रमे 10 आणि 9 आहेत. दुसरी चाचणी अशी: खुर्चीतून उठून 3 मीटर नेहमीच्या चालीने चालावे, वळावे, परत येऊन बसावे. याला 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे. दोन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. उभे राहताना चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा गेल्या वर्षभरात दोनदा पडणे झाले असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

पाय आणि तोल

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात पहाटे फेऱ्या मारणारे अनेक जण चालण्यालाच सगळा व्यायाम मानतात. चालणे हृदयाला आणि मनाला चांगलेच. पण तोल सुधारायचा असेल, तर तोल थोडासा ढळेल अशा स्थितीत शरीराला ठेवावे लागते, आणि सपाट वाटेवरच्या फेऱ्यांत ते फारसे घडत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 साली व्यायामावरच्या 108 संशोधन-चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तोलाच्या व्यायामांना स्नायूंच्या बळाच्या व्यायामांची जोड दिली होती, तेथे ही घट सुमारे 34 टक्के होती.

सुरुवात स्वयंपाकाच्या ओट्यापाशी करावी. ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात, दहा वेळा. मग टाचांवर भार देऊन चवडे उचलावेत, दहा वेळा. मग एकेक पाय गुडघ्यात न वाकवता बाजूला न्यावा. त्यानंतर हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे करावे. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी बसायच्या जागी घडी केलेले घोंगडे घालून उंची वाढवावी आणि दर आठवड्याला एक घडी कमी करावी. तोलासाठी एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला भिडवून 10 सेकंद उभे राहावे, आणि हे साधले की शहाबादी फरशीच्या सांध्यावरून असेच टाचेला अंगठा भिडवत चालावे. आधी दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग एका बोटाचा, मग नुसता हात ओट्याजवळ, असा आधार कमी करत न्यावा. व्यायाम अगदी सोपा वाटू लागला, तर त्याचा उपयोग थांबला असे समजून पुढची पायरी घ्यावी. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो या व्यायामक्रमात आठवड्यातून तीन दिवस सुमारे अर्धा तास असा सराव आणि निदान दोन दिवस चालणे, असे प्रमाण ठेवलेले आहे, आणि आपल्याकडे तेच पाळायला हरकत नाही. साडी किंवा धोतर पायांत घोळत असेल, तर ते खोचून घ्यावे. सराव अनवाणी किंवा मागे पट्टा असलेल्या चपलेत करावा, सैल स्लिपर नको.

चालताना मन गुंतवणे

1997 साली स्वीडनमधील संशोधकांची एक छोटी नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निवासी देखभालीत राहणाऱ्या 58 वृद्धांबरोबर चालताना त्यांनी बोलणे काढले. 12 जण उत्तर देण्यासाठी चालायचे थांबले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले. वय वाढते तसे चालणे पूर्वीसारखे आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावे लागते. ते लक्ष बोलण्याकडे वळले की पावलांसाठी पुरेसे उरत नाही. ‘सावकाश चाला, बोलू नका’ हे सांगणे म्हणूनच अपुरे आहे, कारण बाजारात भाजीवाली बोलणारच आणि रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजणारच.

या सरावासाठी आपल्या भागात एक सोय आयतीच आहे, ती म्हणजे दोन भाषा. घरात मराठी आणि बाजारात, बसमध्ये, कचेरीत कानडी, असे आयुष्य काढलेल्या माणसाने चालताना एक आकडा मराठीत आणि पुढचा कानडीत म्हणावा: एक, एरडु, तीन, नाल्कु, पाच, आरु. विसापर्यंत गेल्यावर तसेच उलटे यावे. दर वेळी एक भाषा बाजूला सारून दुसरी पुढे आणावी लागते आणि त्या खटपटीत पाऊल सांभाळणे हाच खरा सराव आहे. ज्यांना कानडी फारशी येत नाही, त्यांनी लोंढ्याच्या गाडीची स्थानके म्हणावीत: बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा, आणि परतीची गाडी पकडून लोंढ्याहून मागे यावे. शंभरातून तीन-तीन वजा करत जाणेही चालेल, पण ते पुष्कळांना शाळेतल्या मास्तरांची आठवण करून देते आणि चार दिवसांत सुटते.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिले दोन-तीन आठवडे नुसते सरळ चालणे आणि आकडे. मग वळणे आणि आकडे. मग हातात अर्धा भरलेला तांब्या घेऊन चालणे. आणि शेवटी फरशीच्या सांध्यावरून चालताना नातवंडाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणे. सोबत चालणाऱ्याने अर्धे पाऊल मागे, सराव करणाऱ्याच्या कमजोर बाजूला चालावे, पण हात धरून ठेवू नये. आकडा चुकला तरी चालेल, पाऊल चुकता कामा नये, ही ताकीद प्रत्येक वेळी द्यावी. गोंधळ झाला की आधी बोलणे थांबवायचे, ही सवय लागली पाहिजे.

जपानमध्ये चौकोनांवर पावले टाकण्याचा एक सराव विकसित झाला आहे. एका ओळीत चार, अशा दहा ओळींत 25 सेंटिमीटरचे 40 चौकोन आखलेले असतात. सोबती चालून दाखवतो तो क्रम लक्षात ठेवायचा आणि रेघेवर पाय न देता तसेच पुढे जायचे. कोरड्या गच्चीवर खडूने हे चौकोन सहज आखता येतात (रांगोळीने आखू नयेत, तिच्यावरून पाय सरकतो). लहानपणी ठिकरी खेळलेल्या बायकांना यात काही नवे शिकावे लागत नाही. वारकरी मंडळींना तर टाळाच्या ठेक्यावर मागे-पुढे पाऊल टाकत पावली खेळणे ठाऊकच असते: ताल, शब्द, शेजाऱ्याचे भान आणि पाऊल, सारे एकाच वेळी. गुडघे साथ देत असतील, तर देवळातल्या भजनात बसून राहण्यापेक्षा शेवटच्या रांगेत, खांबाजवळ उभे राहावे.

एकदा पडलेल्या माणसाच्या मनातली भीती हाही या सरावाचाच भाग आहे. भीतीने हालचाल कमी होते आणि हालचाल कमी झाली की पडण्याचा धोका वाढतो. ‘काही होत नाही’ असे म्हणून ही भीती जात नाही. जेथे पडणे झाले तीच जागा आधी सोबतीने, मग सोबती दारात असताना, मग एकट्याने ओलांडावी.

औषधे, चष्मा, घर

झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तोल जाऊ शकतो. त्या आपल्या मनाने बंद न करता सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसावे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खालची पायरी अंधुक दिसते, हे जिना उतरताना ध्यानात ठेवावे. न्हाणीघरात भिंतीत पक्की बसवलेली दांडी, रात्री वाटेत दिवा आणि सरकणारी पायपुसणी काढून टाकणे, एवढे तरी त्याच आठवड्यात उरकावे.

पडल्यावर उठण्याचा सराव

धडधाकट असतानाच हेही शिकून ठेवावे. सतरंजीवर उताणे निजावे, कुशीवर वळावे, कोपरावर आणि मग दोन्ही हात-गुडघ्यांवर यावे, रांगत खुर्चीपाशी जावे, बैठकीवर हात टेकून बळकट पाय पुढे घ्यावा आणि वळून बसावे. घरच्यांनी बखोटीला धरून ओढू नये. खुर्ची जवळ आणून द्यावी आणि धीर धरावा. जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर मात्र उठवूच नये. पांघरूण घालून 108 ला फोन करावा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.