चिनी संशोधन संस्थेचा सातबारा कसा वाचावा

गेल्या पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यातील आमच्या छोट्या महाविद्यालयाला एका चिनी संशोधन संस्थेचे पत्र आले. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव कपाशीच्या पानांवरून लवकर ओळखता यावा, यासाठी ड्रोनवर बसवायचा हायपरस्पेक्ट्रल (प्रकाशाच्या शेकडो अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या टिपणारा) कॅमेरा ती संस्था देणार होती, दोन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही देणार होती, आणि त्याबदल्यात शेतांची मूळ छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह मागत होती. प्राचार्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि "संस्था कशी आहे ते पाहून टिपण द्या," एवढेच सांगितले. संस्थेचा चिनी लष्कराशी वा संरक्षण क्षेत्राशी संबंध आहे का, हे तपासून ते टिपण तयार करताना जी पद्धत बसत गेली, ती अशाच पत्रांना उत्तर देण्याची वेळ येणाऱ्या प्राध्यापकांसाठी येथे मांडतो.

आपल्याकडे जमीन घेणारा माणूस सातबाऱ्यावर मालकाचे नाव पाहून थांबत नाही. तो "इतर हक्क" या रकान्यात बोजा आहे का, हे पाहतो आणि मग मागचे फेरफार काढतो. चिनी संस्थेचा संरक्षण क्षेत्राशी असलेला संबंधही बहुधा नावात दिसत नाही, तो इतर हक्कांत असतो. शिवाय "संबंध आहे की नाही" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या प्रयोगशाळेचा, कोणत्या स्वरूपाचा आणि किती जुना संबंध आहे, असे विचारले तरच उपयोगी उत्तर मिळते.

पहिले काम म्हणजे संस्थेचे चिनी लिपीतील अधिकृत नाव मिळवणे. इंग्रजी नावावर विसंबून मी स्वतः दोन दिवस वाया घालवले आहेत. शेनशी प्रांतात नॉर्थवेस्ट युनिव्हर्सिटी, नॉर्थवेस्ट ए अँड एफ युनिव्हर्सिटी आणि नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल युनिव्हर्सिटी अशी तीन वेगळी विद्यापीठे आहेत. त्यांतले दुसरे शेती व वनशास्त्राचे आहे, तर तिसरे विमाने, क्षेपणास्त्रे आणि पाण्याखालील यंत्रणा यांसाठी ओळखले जाते. या दोघांच्या नोंदी मी एकाच कागदावर उतरवल्या होत्या. संस्थेच्या चिनी संकेतस्थळावरून नाव जसेच्या तसे उचलावे आणि जमल्यास तिचा अठरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांकही घ्यावा. २०१५ पासून चीनमध्ये हा एकसमान क्रमांक दिला जातो. तो १२ ने सुरू होत असेल तर ती सार्वजनिक संस्था असते, ९१ ने सुरू होत असेल तर कंपनी. पत्र संस्थेच्या नावाने आणि क्रमांक मात्र कंपनीचा, असे आढळले तर तेथेच पेन्सिलीने खूण करावी.

एका संस्थेला दोन नावे असणे ही तिकडे नित्याची गोष्ट आहे. चायना इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजी ग्रुप या सरकारी समूहाची रडारवर काम करणारी नानजिंग येथील संस्था देशात "चौदावी संस्था" म्हणून ओळखली जाते, पण शोधनिबंधांवर ती नानजिंग रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजी या साध्या नावाने येते. लष्कराच्या स्वतःच्या संस्थांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. झेंगझोऊ इन्फर्मेशन सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट हे नाव नागरी वाटते, परंतु त्यामागे चिनी लष्कराचे माहिती अभियांत्रिकी विद्यापीठ आहे.

नाव निश्चित झाले की वरची संस्था, म्हणजे ती कोणाच्या अखत्यारीत चालते, ते पाहावे. उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील सात विद्यापीठांना चीनमध्ये "राष्ट्रसंरक्षणाचे सात पुत्र" म्हणतात: बैहांग, बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हार्बिन इंजिनिअरिंग, नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल आणि नानजिंगमधील दोन, म्हणजे एरोनॉटिक्स अँड अ‍ॅस्ट्रॉनॉटिक्स व सायन्स अँड टेक्नॉलॉजी. यांपैकी एखाद्याचे पत्र असेल तर पुढचा तपास प्रयोगशाळेपुरताच उरतो, कारण संस्थेचा संबंध सर्वश्रुत आहे. मात्र वरची संस्था नागरी असणे हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. चांगचुन येथील प्रकाशशास्त्र संस्था चायनीज अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची आहे. ही अकादमी १९४९ ची आणि शंभराहून अधिक संस्थांची, म्हणजे वरवर पाहता शुद्ध विज्ञानाची. पण चांगचुनच्या याच संस्थेने साठच्या दशकात क्षेपणास्त्रांचा माग काढणारी प्रकाशीय उपकरणे बनवली, आणि तिचे संस्थापक वांग दाहेंग हे मार्च १९८६ मध्ये ज्या चार शास्त्रज्ञांच्या प्रस्तावातून "८६३ कार्यक्रम" हा उच्च तंत्रज्ञानाचा सरकारी कार्यक्रम उभा राहिला, त्यांपैकी एक होते.

आता इतर हक्कांचा रकाना. येथे भाषा येत नसल्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण ठरावीक चारपाच शब्दच शोधायचे असतात. गुओफांग म्हणजे राष्ट्रसंरक्षण, जुनगोंग म्हणजे लष्करी उद्योग, बाओमी म्हणजे गोपनीयता, जुनमिन रोंगहे म्हणजे लष्करी-नागरी एकत्रीकरण. हे एकत्रीकरण २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरणाच्या पातळीवर नेण्यात आले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यासाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. भाषांतराच्या अ‍ॅपमधून हे शब्द चिनी लिपीत करून घ्यावेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावर एकेक शोधावेत. संरक्षण दर्जाची प्रयोगशाळा, शस्त्रसामग्रीच्या संशोधन-उत्पादनाचा परवाना, लष्करी गोपनीयतेची श्रेणी आणि "गुओजुनबियाओ" या राष्ट्रीय लष्करी मानकाचे प्रमाणपत्र या चार गोष्टींपैकी एकही सापडली तरी ती नाव, तारीख आणि पानाच्या छायाचित्रासह उतरवून ठेवावी. परवाना आणि गोपनीयतेची श्रेणी यांना मी सर्वाधिक वजन देतो, कारण ती शासनाने तपासून दिलेली असतात. संचालकांच्या भाषणातली राष्ट्रभक्ती कोणत्याही देशात स्वस्तच असते. अलीकडे ही पाने काढून टाकण्याकडे कल असल्यामुळे इंटरनेट संग्रहातील जुन्या प्रती अवश्य पाहाव्यात. फेरफार म्हणतात तो हाच.

यंत्राच्या भाषांतरात एक खड्डा आहे. झुआंगबेई या शब्दाचे भाषांतर अ‍ॅप "उपकरणे" असे करते आणि आपण पुढे सरकतो. परंतु चिनी निधींच्या नावांत या शब्दाचा अर्थ बहुधा लष्करी सामग्री असाच असतो. "उपकरण पूर्वसंशोधन निधी" हे वाचून मलाही आधी महाविद्यालयाला मिळणारे प्रयोगशाळेचे अनुदानच आठवले होते.

सर्वांत जास्त माहिती मात्र शोधनिबंधांच्या शेवटी, ऋणनिर्देशाच्या बारीक अक्षरांत मिळते, आणि ती बहुतेक वेळा इंग्रजीतच असते. ज्या प्रयोगशाळेशी आपले काम होणार आहे तिच्या प्रमुखाचे गेल्या पाच-सहा वर्षांतील वीस-पंचवीस निबंध घ्यावेत आणि निधीची ओळ वहीत उतरवावी. जे-सी-के-वाय या रोमन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो संरक्षणविषयक मूलभूत संशोधन कार्यक्रमाचा असतो. नॅशनल नॅचरल सायन्स फाउंडेशन हा नागरी निधी आहे. तरीही त्याच्यासमोर एन-एस-ए-एफ ही अक्षरे असतील तर तो चायना अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग फिजिक्सबरोबरचा संयुक्त निधी असतो, आणि मियानयांगची ही अकादमी चीनच्या अण्वस्त्रांचे काम करते. सहलेखकांचे पत्तेही पाहावेत, पण तेथे घाई करू नये. लष्करी विद्यापीठातील एका सहलेखकाबरोबरचा एखादा निबंध म्हणजे जुनी वर्गमैत्री असू शकते. तेच दोघे तोच निधी घेऊन सलग पाच निबंध लिहीत असतील तर तो व्यवहार आहे. चीनमधील सीएनकेआय या निबंधसंग्रहातील काही भाग एप्रिल २०२३ पासून परदेशी वाचकांना बंद झाला आहे, म्हणून सापडले नाही याचा अर्थ नाही असा लावू नये.

नोकरीच्या जाहिरातीही बोलक्या असतात. "गोपनीय पद", "राजकीय पडताळणी आवश्यक" अशा अटी कोणत्या विभागासाठी आहेत, ते पाहावे. विद्यापीठ असेल तर पदवीधरांच्या रोजगाराचा वार्षिक अहवाल उघडावा आणि विद्यार्थी कोणत्या उद्योगसमूहांत नोकरीला गेले ते वाचावे.

तयार याद्यांचा उपयोग सुरुवातीला होतो, निर्णयासाठी नाही. ऑस्ट्रेलियन स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने नोव्हेंबर २०१९ मध्ये चिनी विद्यापीठांची जोखमीनुसार सूची प्रसिद्ध केली. ती उपयुक्त आहे, मात्र त्या संस्थेला ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याकडून निधी मिळतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची निर्बंध-यादी कायदेशीर दस्तऐवज आहे. तीत अण्वस्त्रांची वरील अकादमी १९९७ पासून आहे, तर हार्बिनची दोन्ही विद्यापीठे २०२० मध्ये आली. यादीत नाव नसलेली संस्था निर्धोक ठरत नाही, आणि नाव असलेल्या विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ क्षेपणास्त्रे बनवत नसतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. सुधारित हेरगिरीविरोधी कायदा १ जुलै २०२३ पासून चीनमध्ये लागू आहे आणि राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित साधी कागदपत्रेही त्याच्या कक्षेत येऊ शकतात. म्हणून पत्र पाठवणाऱ्या प्राध्यापकाकडे "तुमच्या प्रयोगशाळेचे लष्करी प्रकल्प कोणते" अशी विचारणा करू नये, खोट्या नावाने तर मुळीच नाही. त्या माणसाला आपण संकटात टाकू. जे उघड प्रसिद्ध आहे तेवढेच वाचावे.

राहिली आपली बाजू, आणि खेड्यातल्या महाविद्यालयात नेमकी तीच विसरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये चिनी संस्थांशी करार करण्यापूर्वी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घेण्यास सांगितलेले आहे. दुहेरी वापराच्या वस्तू व तंत्रज्ञानासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी आहे, आणि ड्रोन उडवण्यासाठी २०२१ च्या नियमांतील लाल, पिवळे व हिरवे क्षेत्र पाहावे लागते. आमच्या प्रस्तावात निवडलेल्या शेतांपैकी काही पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या बाजूची होती. बोंडअळी दाखवणारे छायाचित्र कुंपणापलीकडचेही दाखवते, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नकाशा पसरेपर्यंत आली नव्हती.

टिपण दीड पानाचे झाले. वरची संस्था नागरी. तीन प्रयोगशाळांपैकी दोन केवळ पीकविज्ञानाच्या. तिसरीच्या, म्हणजे कॅमेरा देणाऱ्या प्रयोगशाळेच्या, चोवीस निबंधांपैकी सातांत संरक्षण निधी, शेवटचा गेल्या वर्षीचा. पहिल्या दोघींशी बोंडअळीवर पत्रव्यवहार करण्यास हरकत नाही, कॅमेरा घेऊ नये, अक्षांश-रेखांशांसह मूळ छायाचित्रे देऊ नयेत, अशी शिफारस करून मी प्रत्येक नोंदीपुढे पान पाहिल्याची तारीख घातली. प्राचार्यांनी समासात "विद्यापीठाकडे मार्गदर्शनार्थ सादर" असा शेरा मारून खाली सही केली.