घर लिलावात गेलं तरी कर्ज उरलंय? आधी हिशेब मागा

खानापूरपासून निपाणीपर्यंत आपली माणसं धरून चालतात, की घराचा लिलाव झाला म्हणजे कर्ज मिटलं. मी बेळगावात कोर्टाजवळ बसून अर्ज लिहून देतो, वकील नाही. "घर नेलं की हो, आता आनि कसले पैसे?" असं विचारत माणसं येतात. उत्तर कडू आहे. बँकेला तारण ठेवलेलं घर कोर्टात न जाता विकू देणारा २००२चा सरफेसी कायदा आहे; त्याचं कलम १३(१०) सांगतं, की विक्रीतून भागलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक दावा लावू शकते. जामीनदारावरसुद्धा.

पण लगेच पैसे भरायला धावू नका. आधी हिशेब मागा. साध्या कागदावर कर्जखात्याचा नंबर घालून अर्ज शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. घर कितीला गेलं, खर्च कशाकशाचा लावला, विक्रीची रक्कम खात्यात कधी जमा झाली आणि त्यानंतर व्याज कशावर धरलं, एवढं विचारा. समजा बँकेचं येणं २४ लाख होतं, घर साडेसतराला गेलं, खर्च ६० हजार. उरले ७ लाख १० हजार. नोटिशीत ९ लाख असतील तर मधले १ लाख ९० हजार कुठले, हे विचाराच. वॉचमनचा पगार, जाहिरात, व्हॅल्युएशन, सगळ्याच्या पावत्या मागा.

लिलावाचेही कागद बघा. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढून राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली घर विकायचं नाही ती, ठरवायची, कर्जदाराला नोटीस द्यायची, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, असा नियम आहे. आमच्याकडे जाहिरात कन्नड पेपरात आणि घरी येतो मराठी पेपर, त्यामुळे शेजाऱ्याला आधी कळतं. तेवढ्यावर हरकत टिकेलच असं नाही. पण नोटीसच मिळाली नसेल किंवा घर मातीमोलाने गेलं असेल, तर बेंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज होतो. मुदत ४५ दिवसांची, त्यामुळे वकिलाकडे आजच जा.

उरलेली रक्कम २० लाख किंवा जास्त असेल तर बँक त्याच न्यायाधिकरणात जाते, कमी असेल तर दिवाणी कोर्टात. दिवाणी समन्स आलं की ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. कागद कन्नडमध्ये आहे म्हणून देवाच्या फोटोमागे ठेवू नका, कुणाकडून तरी वाचून घ्या. गप्प बसलात तर एकतर्फी हुकूम होतो.

आता सहीबद्दल. अशा येण्याच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती कुठल्या दिवसापासून मोजायची यावर वकीलही भांडतात. मात्र मुदत संपण्याआधी "येणं मान्य" असं लिहून सही केलीत किंवा थोडे पैसे भरलेत, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून दारात आलेल्या वसुलीवाल्याच्या कागदावर उभ्याउभ्या सही नको. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे त्याने सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. बँकेकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

हुकूम झाला तरी सगळंच ओढून नेत नाहीत. प्रॉव्हिडंट फंड, सरकारी पेन्शन, शेतकऱ्याची औजारं नि बैल यांना जप्तीतून सूट आहे. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुटतात. वडिलोपार्जित जमिनीतल्या तुमच्या हिश्श्याला मात्र अशी सरसकट सूट नाही, हे भावांना आधीच सांगून ठेवा.

देणं खरंच निघत असेल तर तडजोड बरी. एकरकमी किती जमेल ते ठरवून लेखी प्रस्ताव द्या, लोकअदालतीत ठेवा. तिथे कोर्ट फी लागत नाही, पण झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा नीट बघूनच सही करा. महिलांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या फोनवर नाही. तडजोडीच्या पत्रात जामीनदाराची सुटका नावानिशी लिहून घ्या. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, ते गृहीत धरा. शेवटी बँकेकडून येणं-बाकी-नाही असा दाखला घ्या आणि एक प्रत जामीनदाराच्या घरी पोचवा.