टूलला काय दिसत नाही, ते आधी शिका

सांगली-मिरजेत नेटवर्किंगच्या कामाला नव्याने लागलेली मुलं बहुतेक एकाच वळणाने जातात. तक्रार आली की लॅपटॉप लावायचा, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचं आणि पळणाऱ्या रंगीत ओळींकडे बघत बसायचं. वायरशार्क उत्तमच आहे, आणि फुकट आहे. पण मार्केट यार्डातल्या अडत दुकानात किंवा कुपवाड एमआयडीसीच्या शेडमध्ये जे बिघाड निघतात, त्यातले पुष्कळसे त्याला थेट दिसतच नाहीत.

खराब केबलमधून मोडकी फ्रेम, म्हणजे डेटाचं बिघडलेलं पाकीट, आली की नेटवर्क कार्ड किंवा स्विच ती जागीच टाकून देतो. वायरशार्कला दिसतो तो नंतरचा परिणाम, म्हणजे टीसीपी रिट्रान्समिशनच्या (हरवलेला डेटा पुन्हा पाठवल्याच्या) काळ्या ओळी. म्हणून सुरुवात खालून, म्हणजे केबलपासून करा. विंडोजमध्ये अडॅप्टरचं स्टेटस उघडून स्पीड वाचा. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिट असून १०० एमबीपीएस दिसत असेल, तर संशय केबलवर घ्या. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० ला पिना १-२ आणि ३-६ यांच्या दोनच जोड्या पुरतात. उरलेल्यातली एक तार उंदराने कुरतडली की बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात, काही लिंकच धरत नाहीत. स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल तर पोर्टचा सीआरसी एररचा, म्हणजे मोडक्या फ्रेमचा, आकडा बघा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. वाढत असेल तर केबल, जॅक किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी गेलंय.

आठ दिव्यांच्या साध्या केबल टेस्टरवरही डोळे झाकून विसंबू नका. तो फक्त तार सलग आहे का, एवढंच सांगतो. नवखा माणूस क्रिम्पिंग करताना (केबलला प्लग बसवताना) नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतो, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरवर १ ते ८ दिवे क्रमाने लागतात आणि केबल पास होते. पण ३ आणि ६ या पिना वेगवेगळ्या जोड्यांत गेल्यामुळे क्रॉसटॉक होतो, म्हणजे एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो. दोन मीटरला चालून जाणारी ती केबल चाळीस मीटरला रडते. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

केबल खरोखर किती वाहते, ते आयपर्फ३ हे वेग मोजणारं टूल सांगतं. एका टोकाला सर्व्हर, दुसऱ्या टोकाला क्लायंट, दहा सेकंदांची चाचणी. निरोगी गिगाबिटवर साधारण ९४० एमबीपीएस मिळतात, १०० च्या लिंकवर ९४ च्या आसपास. उलट्या दिशेनेही चाचणी घ्या. बिघाड कधी कधी एकाच बाजूने असतो. मात्र वेग का कमी आहे, हे आयपर्फला सांगता येत नाही.

आता वायरशार्क. स्विचच्या कुठल्याही पोर्टला लॅपटॉप लावला की स्वतःचा ट्रॅफिक आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली पॅकेटं), एवढंच मुख्यतः दिसतं. दोन संगणकांमधलं बोलणं ऐकायचं तर मॅनेज्ड स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्यावर पाठवणं) लावावं लागतं. तरी ब्रॉडकास्टवरच सापडणारा एक बिघाड आहे, आणि तो छोट्या ऑफिसांत फार भेटतो: कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टात खुपसतो. मग ऑफिसच्या राउटरसोबत तोही आयपी पत्ते वाटायला लागतो. काही संगणकांवर टॅली उघडतं, काहींवर नाही. अशा वेळी वायरशार्कच्या फिल्टरच्या पट्टीत फक्त dhcp (डीएचसीपी, पत्ते वाटण्याची पद्धत) टाइप करा, मग आपल्याच लॅपटॉपचा आयपी रिलीज करून रिन्यू करा. ‘पत्ता कोण देतो?’ असं विचारणारा डिस्कव्हर एकच जातो. त्याला उत्तर म्हणून ऑफर दोन आल्या आणि दोन्हींचे सर्व्हर पत्ते वेगळे निघाले, तर आगंतुक सापडला. त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) लिहून घ्या, स्विचच्या मॅक टेबलात शोधा आणि त्या पोर्टची केबल काढा. ‘चेकसम चुकलं’ असं आपल्याच लॅपटॉपवरून निघालेल्या पॅकेटवर दिसलं तर घाबरू नका. चेकसम, म्हणजे पॅकेट तपासायचा आकडा, भरायचं काम कार्ड नंतर करतं; वायरशार्क पॅकेट त्याआधी बघतं.

नेटवर्कवर कोण कोण आहे, हे बघायला एनमॅप हे स्कॅनर. पिंग स्कॅन ॲडमिन म्हणून चालवला तर तो त्याच लॅनवर एआरपीने (‘हा आयपी कुणाचा?’ या प्रश्नाने) विचारतो, त्यामुळे पिंग अडवणारी यंत्रंही सापडतात. पण एकाच आयपीवर दोन कॅमेरे बसले असतील तर तो भांडण दाखवत नाही. तिथे वायरशार्कचा डुप्लिकेट आयपीचा इशारा उपयोगी पडतो. आणि कारखान्यात मशीन चालू असताना पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) पोर्ट स्कॅन अजिबात करू नका. जुने कंट्रोलर त्याने अडकतात.

एकाच केबलची दोन्ही टोकं साध्या स्विचात गेली की लूप होतो, म्हणजे तीच पॅकेटं गोल फिरत राहतात. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात, लॅपटॉपही दबतो. इथे टूल बंद ठेवा आणि एकेक केबल उपसा.

लिनक्स सर्व्हरवर बहुधा खिडक्यांचा पडदा नसतो, तिथे टीसीपीडम्प या कमांडने पॅकेटं पकडून फाइल लिहायची आणि नंतर वायरशार्कमध्ये उघडायची. मिरजेतल्या रुग्णालयांसारख्या ठिकाणी आधी लेखी परवानगी घ्या. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा पुष्कळदा एन्क्रिप्शनशिवाय फिरतात आणि त्यात रुग्णाचं नाव असतं. कॅप्चरची लांबी (प्रत्येक पॅकेटचा किती भाग पकडायचा ते) ९६ बाइट ठेवा: इथरनेटचे १४, आयपीचे २०, टीसीपीचे २० ते ६०. हेडर पूर्ण मिळतात आणि मजकूर जवळजवळ येत नाही.