चंद्रग्रहण बघितलं आणि "एवढंच?" वाटलं? मग या चुका टाळा

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. भारतातून अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसण्यासारखं, खग्रास अवस्थाच 82 मिनिटांची, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर दोन टोकाची मतं होती. काही जण म्हणत होते की असं आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि काही जण म्हणत होते की काय त्यात एवढं, चंद्र नुसता मळकट दिसत होता. ढगांनी ज्यांना बघूच दिलं नाही त्यांचं सोडा, पण एकाच गच्चीवरून बघणाऱ्यांची मतं एवढी वेगळी कशी? मी बरीच वर्षं ग्रहणं बघतोय, शेजारपाजारच्यांना, मुलांना बोलावून दाखवतोय, आणि मला विचाराल तर चंद्रग्रहण अपेक्षेला शंभर टक्के उतरतं, फक्त काय बघायचं आणि कधी बघायचं हे आधी माहीत पाहिजे.

कुठलं ग्रहण आहे हेच न बघणं

सगळ्यात जास्त निराशा इथून येते. बातमीत "चंद्रग्रहण" एवढंच ऐकलं की लोक तांबडा चंद्र डोक्यात घेऊन गच्चीवर जातात. पण ग्रहण खग्रास, खंडग्रास की छायाकल्प यावर सगळं अवलंबून आहे. छायाकल्पमध्ये चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून जातो, साध्या डोळ्यांना फरक कळेल न कळेल असा, आणि 2027 मधली तिन्ही चंद्रग्रहणं नेमकी छायाकल्प आहेत. त्या वर्षी कोणी "ब्लड मून" म्हणून मेसेज फॉरवर्ड केला तर अलार्म लावून उठू नका.

खंडग्रासातही किती भाग झाकला जाणार ते बघा. 28 ऑक्टोबर 2023 ला कोजागिरीच्याच रात्री ग्रहण होतं, टीव्हीवर दिवसभर तोच विषय, आणि प्रत्यक्षात रात्री एक ते सव्वादोनच्या सुमारास चंद्राच्या व्यासाचा जेमतेम 12 टक्के भाग गडद सावलीत गेला, म्हणजे कडेला एक छोटासा काळा डाग. ज्यांना हे माहीत होतं त्यांना तोसुद्धा बघायला आवडला, बाकीचे चिडून झोपले.

आणि तिसरी गोष्ट, आपल्या गावातून किती दिसणार? 3 मार्च 2026 चं ग्रहण खग्रासच होतं, पण खग्रास अवस्था आपल्या वेळेप्रमाणे दुपारी 4:34 ते 5:33, म्हणजे तेव्हा महाराष्ट्रात चंद्र उगवलेलाच नव्हता. याला ग्रस्तोदित म्हणतात, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवतो. ग्रहण 6:47 ला सुटलं, त्यामुळे नागपूरकडच्यांना शेवटची वीस-पंचवीस मिनिटं आणि मुंबईकरांना जवळजवळ काहीच नाही. हे सगळं आधीच कळतं हो, पंचांगात स्पर्श (गडद सावली लागणं), संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणं), मध्य, उन्मीलन (चंद्र पुन्हा उघडायला लागणं), मोक्ष (ग्रहण सुटणं) अशा वेळा दिलेल्या असतात, त्या आपल्या गावच्या चंद्रोदयाशी ताडून बघायच्या, पाच मिनिटांचं काम आहे.

फोटोतला लाल रंग डोळ्याने शोधणं

इंटरनेटवर जे भडक लाल चंद्र दिसतात ते एक-दोन सेकंद शटर उघडं ठेवून काढलेले असतात, त्यावर एडिटिंग वेगळंच. आपला डोळा कमी उजेडात रंग फार चांगले ओळखत नाही. म्हणून खग्रास चंद्र साध्या डोळ्यांना विटकरी, तांबूस-तपकिरी, कधी जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो, आणि मला तो फोटोपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, कारण फोटोत तो चपटा वाटतो आणि आकाशात एकदम गोल चेंडू लटकल्यासारखा दिसतो. रंग अजून खुलवून बघायचा असेल तर साधी 7×50 किंवा 10×50 दुर्बीण घ्या, टेलिस्कोपची गरज नाही.

हा रंग येतो कुठून तेही समजून घ्या, बघताना फरक पडतो. पृथ्वी सूर्याला पूर्ण झाकते, पण तिच्या कडेच्या वातावरणातून थोडा उजेड वाकून सावलीत शिरतो, त्यातला निळा वाटेत विखुरला जातो आणि तांबडा उरतो. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू आहेत त्या सगळ्यांचा उजेड मिळून चंद्रावर पडलेला असतो. त्यामुळे दर वेळचा रंग वेगळा. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी यासाठी 0 ते 4 अशी मोजपट्टी दिलीय, 0 म्हणजे जवळजवळ काळा, 4 म्हणजे तेजस्वी केशरी. 1991 मध्ये फिलिपीन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीची राख आणि वायू वर गेले आणि डिसेंबर 1992 चं ग्रहण इतकं काळोखं झालं की चंद्र ओळखू येईना. तुम्हीही आपला आकडा वहीत लिहून ठेवा, मुलांना तर हे फारच आवडतं, त्यांची आपापसात भांडणं होतात की दोन की तीन.

फक्त "मध्य" बघायला येणं

ही चूक जवळजवळ सगळे करतात. मध्याची वेळ बघायची, त्या वेळी पाच मिनिटं बाहेर यायचं, मान वर करायची, आत जायचं. अरे, पण ग्रहणातला सगळ्यात संथ भाग तोच! बदल बघायचा असेल तर संमीलनाच्या वीस मिनिटं आधी या आणि नंतर वीस मिनिटं थांबा. सप्टेंबर 2025 ला स्पर्श 9:57 ला होता आणि संमीलन 11 च्या सुमारास, तर दहा-चाळीसपासूनची ती वेळ खरी. तेव्हा चंद्रावरची सावलीची कड नीट बघा, ती वाकडी आहे, गोलाईदार, आणि ती आपल्याच पृथ्वीची आहे. ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हीच कड दाखवून पृथ्वी गोल आहे असं सांगितलं होतं, तोच पुरावा आपल्या गच्चीवरून आपण बघतोय! पूर्ण झाकायच्या जरा आधी दुर्बिणीतून सावलीच्या कडेला फिकट निळसर पट्टाही दिसू शकतो, तो ओझोनच्या थरामुळे येतो.

आणि त्या वेळी नुसत्या चंद्राकडे बघू नका. पौर्णिमेच्या उजेडात जे तारे बुडालेले असतात ते एकेक करून बाहेर येतात. भर पौर्णिमेला अमावस्येसारखं आकाश, हे दुसरं कधी मिळतं? माझ्या मते तरी चंद्रग्रहणाचं खरं बक्षीस हेच आहे आणि बातम्यांमध्ये याचा उल्लेखही नसतो. पण त्यासाठी डोळे अंधाराला सरावायला पाहिजेत, वीसेक मिनिटं लागतात, आणि मध्ये कोणी मोबाईलचा टॉर्च मारला की पुन्हा पहिल्यापासून. सोसायटीत आधी बोलून गच्चीवरचा हॅलोजन तेवढा बंद करून घ्या.

"चंद्र दिसतच नाहीये!"

खग्रास अवस्थेत चंद्राचा उजेड हजारो पटींनी कमी होतो, कधी लाखांच्या घरात. त्यात तो क्षितिजाजवळ असेल, धुरकं असेल, तर सापडत नाही. 31 जानेवारी 2018 ला मुंबई-पुण्याकडे चंद्र खग्रास अवस्थेतच उगवला, वर संधिप्रकाश, त्यामुळे लोक पूर्वेकडे बघून बघून थकले. अशा वेळी दुर्बिणीने क्षितिजाच्या वरचा भाग हळूहळू चाळायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं अंधार पडायची वाट बघायची. जागा आदल्या रात्री त्याच वेळेला बघून ठेवली तर उत्तम, फक्त आदल्या रात्री चंद्र साधारण पाऊण-एक तास पुढे असेल एवढा हिशोब धरा. जून-जुलैची पौर्णिमा दक्षिणेकडे कललेली असते त्यामुळे बिल्डिंगच्या आड जाते, डिसेंबर-जानेवारीची जवळपास डोक्यावर येते.

फोटोचं थोडक्यात सांगतो. मोबाईलवर पांढरा गोळाच येतो कारण कॅमेरा अंधाराचा हिशोब करून चंद्र जाळून टाकतो. स्क्रीनवर चंद्रावर टॅप करून उजेड खाली ओढा, प्रो मोड असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) 100 आणि शटर 1/250 सेकंदापासून सुरू करा. खग्रासात उलटं, आयएसओ 800 ते 1600, एक सेकंद, स्टँड आणि टायमर पाहिजेच, हातात धरून येणार नाही. नुसता चंद्र घेण्यापेक्षा देवळाचा कळस, नारळाचं झाड असं काही सोबत घ्या. पण चारदोन फोटो झाले की फोन खिशात ठेवा, अगदी मनापासून सांगतोय.

ढगांना घाबरून आधीच आत जाऊ नका. मोठं ग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत साडेतीन तास चालतं, तेवढ्यात एखादी फट मिळतेच बऱ्याचदा. 27 जुलै 2018 च्या मध्यरात्रीनंतरचं ग्रहण, या शतकातलं सगळ्यात लांब, 103 मिनिटांचं, ऐन पावसाळ्यात होतं, तेव्हा कोकणात-मुंबईत बसून राहण्यापेक्षा घाटापलीकडच्या कमी पावसाच्या भागात जाणं शहाणपणाचं, जमत असेल तर.

आणि भीतीपोटी न बघणं, ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. लहानपणी रस्त्यावरून "दे दान सुटे गिराण" ऐकू यायचं आणि घरातल्या बायका दारं लावून बसायच्या. ज्यांना वेध पाळायचे त्यांनी जरूर पाळावेत, पण चंद्रग्रहणाने डोळ्यांना काहीही होत नाही, चष्मा-फिल्टर फक्त सूर्यग्रहणाला लागतो, आणि गरोदर बाईने बघितलं तर बाळाला काहीही होत नाही. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड कमी होतोय, एवढंच घडतंय. घरातल्या सुनेला, लेकीला वर बोलवा, तिनेही बघू दे.

आता पुढचं मोठं. भारतातून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणारं खग्रास ग्रहण आहे 31 डिसेंबर 2028 ला, खग्रास अवस्था रात्री साधारण पावणेदहा ते अकरा, 71 मिनिटं, थंडीचं आकाश, मुलांच्या झोपेच्या आधीची वेळ. चंद्र मिथुन राशीत, पूर्वेला चांगला उंच असेल, आणि तो काळवंडला की जवळच मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध सगळे उजळून दिसतील. थर्टीफर्स्टचा प्लॅन करताना शहराबाहेरची जागा धरा, मान दुखू नये म्हणून सतरंजी आणि अंगावर घ्यायला काहीतरी न्या, नऊ वाजेपर्यंत जेवणं उरकून घ्या, आणि कोणी फटाके लावायचे म्हणत असेल तर त्याला सांगा की अकरानंतर.