अंगणातली हरळी

वडिलांचा जन्म कपाशीतली हरळी खणण्यात गेला आणि मी भुसावळला अंगणात तीच मुद्दाम लावली. हसतात, हसोत. 45 अंशांच्या उन्हात दुसरं गवत तगवायला रोज टँकर लागेल.

पहिला चांगला पाऊस झाला की गाठीवाल्या कांड्या वीतभर अंतरावर खोचा. गाठीगाठीला मुळं फुटतात. ऊन मात्र भरपूर हवं. आमच्या कडुनिंबाखाली ती विरळच राहिली. उन्हाळ्यात रोज नुसतं शिंपडू नका, दोन-तीन दिवसांआड खोल भिजवा. कापताना पात्याचा एकतृतीयांशच भाग काढा. डिसेंबरच्या थंडीत पिवळी पडते, मरत नाही. पहिल्या वर्षी मी घाबरून युरिया टाकला, वाया गेला. आणि कडेला फरशी उभी गाडा, नाहीतर वांग्यांच्या वाफ्यात शिरलीच म्हणून समजा.